मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधला काळ

इसवी सन ५० च्या आसपास ग्रीसच्या उत्तर किनाऱ्यावरच्या थेस्सलनीका या बंदरात ख्रिस्ती झालेल्यांची एक छोटी मंडळी होती. येशू आपल्या हयातीतच परत येणार, अशी त्यांची खात्री होती. तो आला नाही, आणि दरम्यान मंडळीतली काही माणसे दगावली. मागे राहिलेले हवालदिल झाले. प्रभू येईल त्या दिवसाला आपली ही माणसे मुकणार का? प्रेषित पौलाने पत्र लिहून त्यांना धीर दिला. गेलेले झोपले आहेत, त्या दिवशी आधी ते उठतील, मग जिवंत असलेले त्यांना जाऊन मिळतील, असा त्याच्या सांगण्याचा आशय. आज हाती असलेल्या ख्रिस्ती लिखाणात हे पत्र बहुधा सर्वांत जुने आहे. ख्रिस्ती लेखणीला अगदी सुरुवातीलाच ज्या प्रश्नांना हात घालावा लागला, त्यांत मेलेल्यांचा प्रश्न होता.

उठणार हे पौलाने ठामपणे सांगितले. पण आज मेलेला माणूस त्या दिवसापर्यंत कुठे असतो आणि कसा असतो? पुढे फिलिप्पैच्या मंडळीला बंदिवासातून लिहिताना तोच पौल म्हणतो की इथून निघून ख्रिस्ताजवळ जाऊन राहावे, अशी ओढ मला लागली आहे. म्हणजे एका पत्रात झोप आणि दुसऱ्यात थेट सहवास. दोन्ही विधाने एकाच माणसाची, आणि दोन्ही बायबलात आहेत. अधोलोक, शुद्धीस्थान, लिंबो, मृतांसाठीच्या मिस्सा, नोव्हेंबरमध्ये कबरींवर लागणाऱ्या मेणबत्त्या, या साऱ्यांचा उलगडा हवा असेल तर हा मधला काळ नजरेसमोर ठेवावा लागतो. या विषयातले बहुतेक वाद तिथूनच निघाले आहेत.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. आत्मा अमर आहे, देह हे टाकून द्यायचे वस्त्र आहे, ही कल्पना आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेली असते. त्यामुळे ख्रिस्ती श्रद्धाही साधारण तशीच असेल, फक्त पुनर्जन्म वजा केला की झाले, असे आपण धरून चालतो. माणूस मेला, आत्मा स्वर्गात किंवा नरकात गेला आणि प्रकरण मिटले. अनेक ख्रिस्ती माणसेही बोलताना असेच बोलतात. मूळ श्रद्धा मात्र याहून फार धाडसी आहे. चर्चमध्ये म्हटला जाणारा प्रेषितांचा विश्वासांगीकार काढून पाहा. त्यात आत्म्याच्या अमरत्वाचा शब्दही नाही. तिथे देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास सांगितला आहे. माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि शेवटी देहासह उठवला जातो. स्वर्गात गेलेला आत्मासुद्धा या शेवटच्या दिवसाची वाट पाहत असतो, कारण देहाविना माणूस अपुरा आहे.

ही श्रद्धा एका दिवसात आलेली नाही. हिब्रू धर्मग्रंथांच्या जुन्या भागांत मृतांचे जग म्हणजे शिओल, मराठी बायबलातला अधोलोक. जमिनीखालची ती काळोखी, निःशब्द जागा. तिथे राजा जातो आणि गुलामही जातो, भला जातो आणि बुराही जातो. बक्षीस नाही, शिक्षा नाही. आपला मुलगा योसेफ जनावराने खाल्ला असे समजून याकोब आक्रोश करतो, तेव्हा मीही शोक करतच त्याच्याकडे अधोलोकात उतरेन, असे तो म्हणतो. तिथे उतरलेले देवाची स्तुती करू शकत नाहीत, हे आजारी हिज्कीया राजाच्या प्रार्थनेतले सर्वांत मोठे दुःख आहे. शौल राजाने एन-दोरच्या स्त्रीकरवी मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला बोलावून घेतले, तेव्हा तो खालून वर येतो आणि मला का त्रास दिलास, असे विचारतो. एवढा मोठा संदेष्टा, पण तोही तिथेच. त्या काळच्या भाविकाला माणसाचे खरे सातत्य त्याच्या लेकरांत, त्याच्या नावात आणि त्याच्या भूमीत दिसत होते.

हे समाधान इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पुरेनासे झाले. सिरियाचा राजा चौथा अंतियुखस याने यरुशलेमेच्या मंदिराची विटंबना केली आणि यहुदी धर्मपालनावरच बंदी घातली. जे नियमाला चिकटून राहिले ते मारले गेले. धर्म सोडला तो वाचला आणि पाळला तो मेला, मग देवाच्या न्यायाचे काय? दानीएलाच्या ग्रंथाच्या शेवटी, धुळीत झोपलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, काही जीवनासाठी आणि काही अप्रतिष्ठेसाठी, ही घोषणा येते. बहुतेक अभ्यासक हा ग्रंथ याच छळाच्या काळातला मानतात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची कथा आहे. आईच्या डोळ्यांसमोर एकेकाला हाल करून मारले जाते, आणि त्यांतला एक आपले हात पुढे करून सांगतो की हे देवाने दिले होते, ते मला त्याच्याकडून परत मिळतील. पुनरुत्थानाची आशा न्यायाच्या मागणीतून जन्मली. तिच्यामागे कोरडे तत्त्वचिंतन नव्हते, कापले गेलेले हात होते, आणि म्हणूनच ती देह सोडायला तयार नव्हती.

येशूच्या काळात यहुदी समाज या प्रश्नावर दुभंगलेला होता. मंदिरावर पकड असलेले सदूकी पुनरुत्थान मानत नसत, परूशी मानत. सदूक्यांनी येशूला पेचात पकडायला विचारले की एकामागून एक सात भावांची बायको झालेली स्त्री पुनरुत्थानानंतर कोणाची? तिथली अवस्था लग्नाची नाही, आणि देव मेलेल्यांचा नसून जिवंतांचा आहे, या अर्थाचे उत्तर त्याने दिले. या एका मुद्द्यावर तो स्वच्छपणे परूश्यांच्या बाजूला आहे.

मधल्या काळाबद्दल त्याच्या तोंडचे दोन प्रसंग पुढे फार महत्त्वाचे ठरले, आणि दोन्ही लूकच्या शुभवर्तमानात आहेत. पहिला श्रीमंत माणूस आणि त्याच्या दाराशी पडलेला भिकारी लाजर यांचा दाखला. दोघे मरतात. लाजर अब्राहामाच्या उराशी विसावतो, श्रीमंत अधोलोकात तहानेने तळमळतो, आणि दोघांमध्ये ओलांडता न येणारी दरी असते. इथे अधोलोकाचे दोन भाग झालेले दिसतात, आणि तेही शेवटच्या न्यायाआधीच. दुसरा प्रसंग क्रुसावरचा. शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराला येशू आश्वासन देतो की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या ‘आज’ने पुढच्या दोन हजार वर्षांतल्या धर्मपंडितांना भरपूर काम दिले.

नरकासाठी येशू जे नाव वापरतो ते यरुशलेमेच्या दक्षिणेकडल्या एका खऱ्या दरीचे, हिन्नोमच्या दरीचे आहे. राजांच्या काळात तिथे मोलख दैवतासाठी पोटची मुले होमात दिली जात. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार थांबवला. या दरीत शहराचा कचरा सतत जळत असे, असे अनेक प्रवचनांत ऐकायला मिळते, पण त्याला प्राचीन पुरावा नाही. ती माहिती मध्ययुगातल्या लिखाणातून आलेली आहे. लेकरे जाळण्याची आठवणच पुरेशी भयंकर होती. अधोलोक आणि नरक एक नव्हेत, हेही इथे लक्षात ठेवावे. अधोलोक म्हणजे मृतांचा मुक्काम. नरक म्हणजे अंतिम न्यायाचा निकाल.

आता पवित्र शनिवाराकडे वळू, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचे हृदय तिथे आहे. शुक्रवारी येशू मेला, रविवारी उठला. शनिवारी तो कुठे होता? विश्वासांगीकार सांगतो, अधोलोकात उतरला. पेत्राच्या पहिल्या पत्रात बंदीतल्या आत्म्यांना त्याने घोषणा केल्याचा एक गूढ उल्लेख आहे. पुढे निकदेमाच्या नावावरच्या शुभवर्तमानाने याची मोठी कथा रचली. ते पुस्तक बायबलात नाही, पण त्याचा पगडा जबरदस्त राहिला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पुनरुत्थानाचे मुख्य चित्रच हे असते. इस्तंबूलच्या एकेकाळच्या खोरा चर्चमध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे एक भित्तिचित्र आहे. मध्ये शुभ्र वस्त्रांतला ख्रिस्त, पायाखाली अधोलोकाची मोडून पडलेली दारे, विखुरलेली कुलपे आणि कड्या, खाली जखडलेला मृत्यू. ख्रिस्ताने एका हाताने आदामाला आणि दुसऱ्या हाताने हव्वेला धरून थडग्यांतून ओढून काढले आहे. पकड मनगटाची आहे, तळहाताची नाही. मेलेल्याला आपला हात पुढे करता येत नाही, त्याला उचलूनच घ्यावे लागते. ख्रिस्तापूर्वी मेलेल्या असंख्य माणसांचे काय, या प्रश्नाला चर्चने दिलेले हे उत्तर आहे, आणि कोणत्याही ग्रंथापेक्षा ते चित्रात अधिक स्पष्ट कळते.

ख्रिस्तानंतर मेलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यातून मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत आली. तिची एक जुनी आणि मन हलवणारी साक्ष इसवी सन २०३ ची, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजची आहे. पर्पेतुआ ही साधारण बावीस वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली तरुणी ख्रिस्ती म्हणून तुरुंगात पडली होती. तिने तिथे लिहिलेली टिपणे टिकून राहिली आहेत. तिचा दिनोक्रातेस नावाचा भाऊ सातव्या वर्षी चेहऱ्यावरच्या भयंकर रोगाने गेला होता. तुरुंगात तिला तो स्वप्नात दिसला. अंधाऱ्या जागेतून आलेला, तहानलेला, चेहऱ्यावर ती जखम तशीच. समोर पाण्याचे कुंड होते, पण काठ त्याच्या उंचीच्या वर होता. ती रात्रंदिवस त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत राहिली. काही दिवसांनी तो पुन्हा दिसला. अंग स्वच्छ, जखमेच्या जागी फक्त व्रण, कुंडाचा काठ त्याच्या कमरेपर्यंत उतरलेला. तो पोटभर पाणी प्यायला आणि लहान मुलासारखा खेळायला निघून गेला. पर्पेतुआला नंतर आखाड्यात मारण्यात आले.

तिच्याजवळ सिद्धांत नव्हता. जिवंतांची प्रार्थना मेलेल्यांपर्यंत पोहोचते, एवढा विश्वास होता. संत ऑगस्टिनची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. माझा देह कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांकडे मागितले. कॅथलिक घरांत आज मृताच्या नावाने मिस्सा होते, ती याच मागणीची परंपरा. या रीतीला शास्त्राधार म्हणून मक्काबींचे तेच दुसरे पुस्तक पुढे केले जाई. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडले, तेव्हा त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी याने वर्गणी जमवून त्यांच्या पापासाठी यरुशलेमेला अर्पण पाठवले, असे त्यात आहे.

प्रार्थनेचा उपयोग होतो असे मानले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. स्वर्गात असलेल्याला तिची गरज नाही आणि नरकात असलेल्याला तिचा उपयोग नाही, मग ती लागते कोणाला? देवाशी समेट होऊन मेलेले, पण पुरते शुद्ध न झालेले, असे पाश्चात्त्य चर्चने उत्तर दिले. त्यांच्या शुद्धीची अवस्था म्हणजे शुद्धीस्थान, पर्गेटरी. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी दाखवले की शुद्ध करणाऱ्या अग्नीची कल्पना जुनी असली, तरी एक स्वतंत्र ठिकाण म्हणून तिला नाव मिळाले ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १२७४ च्या लिओं परिषदेने या शिकवणीला अधिकृत रूप दिले. कवी दान्तेने तिला सात कड्यांचा डोंगर केला. तिथले आत्मे कष्ट सोसतात, पण गातात, कारण त्यांचे तरणे निश्चित झालेले आहे. शुद्धीस्थान हा नरकाचा सौम्य प्रकार नव्हे. तिथून बाहेर पडण्याची वाट एकच, आणि ती वर जाते.

याच काळात खुद्द एक पोप मधल्या काळाच्या प्रश्नात अडकला. बाविसावा योहान फ्रान्समधल्या अव्हिन्यों इथून कारभार पाहत असे. १३३१ च्या सर्व संतांच्या सणाला त्याने प्रवचनात सांगितले की संतांचे आत्मेसुद्धा अंतिम न्यायापर्यंत देवाला समोरासमोर पाहत नाहीत, तोवर ते ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या सहवासात विसावलेले असतात. जुन्या धर्मपित्यांच्या लिखाणात याला आधार सापडतो. तरीही गदारोळ उठला. पॅरिस विद्यापीठातले धर्मपंडित विरोधात गेले, फ्रान्सच्या राजानेही दबाव आणला. संत देवाजवळ पोहोचलेलेच नसतील, तर रोज त्यांचा धावा करणाऱ्या लोकांनी काय समजायचे? डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपने आपले मत मागे घेतले. त्याच्यानंतर आलेल्या बाराव्या बेनेडिक्टने जानेवारी १३३६ मध्ये निर्णय जाहीर केला. शुद्धीची गरज नसलेला आत्मा मरणानंतर लगेच देवाला पाहतो, ज्याला गरज आहे तो शुद्ध झाल्यावर, आणि महापापात मेलेला लगेच नरकात जातो. तरीही अखेरच्या दिवशी सगळे देहासह उभे राहतील. मरणानंतर लगेच प्रत्येकाचा न्याय आणि शेवटी सर्वांचा न्याय, ही कॅथलिक मांडणी आजही अशीच आहे.

तिचा बाजारही झाला. शुद्धीस्थानातल्या नातलगांची शिक्षा कमी करण्यासाठी दंडमाफीपत्रे विकली जाऊ लागली, आणि ऑक्टोबर १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्यांविरुद्ध आपले पंचाण्णव मुद्दे मांडले. प्रोटेस्टंटांनी पुढे शुद्धीस्थानच नाकारले. मक्काबींची पुस्तके त्यांनी प्रमाण ग्रंथांत धरली नाहीत, त्यामुळे मृतांसाठीच्या अर्पणाचा तो आधारही गेला. मधल्या काळाबद्दल मात्र त्यांच्यातही एकमत नव्हते. ल्यूथर मरणाला अनेकदा गाढ झोप म्हणे. कॅल्विनने आत्मा झोपतो या मताविरुद्ध पुस्तकच लिहिले. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथ आजही पुनरुत्थानापर्यंत मृताला कसलीही जाणीव नसते असे मानतो. पुण्यात स्पायसर विद्यापीठ चालवणारा तो हाच पंथ. कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत शुद्धीस्थान कायम ठेवले, पण त्याबद्दलच्या कुतूहलकथा आणि पैसे कमावण्याचे प्रकार थांबवावेत, असा बिशपांना आदेशही दिला. ऑर्थोडॉक्स चर्चने तिसरा मार्ग धरला. मृतांसाठी ते मनापासून प्रार्थना करतात, तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी स्मरण करतात, पण अग्नीचे आणि शिक्षेच्या हिशेबाचे शुद्धीस्थान मानत नाहीत.

लिंबोबद्दल थोडक्यात. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या तान्ह्या बाळांसाठी मध्ययुगीन पंडितांनी कल्पिलेली ती जागा. दुःख नाही, पण देवदर्शनही नाही. किती आईबापांनी यापायी काळीज जाळले असेल! तो कधीच चर्चचा अधिकृत सिद्धांत नव्हता. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत, असे सांगितले. ते फार आधी व्हायला हवे होते. नरकाबद्दलची भाषाही बदलली आहे. देवापासून स्वतःहून कायमचे दूर राहणे, अशी त्याची व्याख्या आजचे कॅथलिक धर्मशिक्षण करते. चर्चने हजारोंना संत म्हणून घोषित केले, पण अमुक माणूस नरकातच आहे असे एकाही नावाबद्दल अधिकृतपणे जाहीर केलेले नाही.

आणि शेवटी उठणारा देह कोणता? करिंथच्या मंडळीला पौलाने पेरलेल्या बीचा दाखला दिला. मातीत जाते ते बी आणि वर येते ते रोप, दोन्ही वेगळी दिसतात तरी तुटलेली नसतात. लोकांना एवढ्याने समाधान नव्हते. नरभक्षकाने खाल्लेल्याचे मांस कोणाचे, कापलेल्या नखांचे काय, बालपणी मेलेले मूल कोणत्या वयाचे होऊन उठेल, हे प्रश्न ऑगस्टिनला विचारले गेले आणि त्याने ते थट्टेवारी न नेता सोडवले. दखल घ्यावी इतके ते खरे होते, कारण इथे नुसती स्मृती उठणार नाही, माणूस उठणार आहे. म्हणूनच चर्चने पुरण्याचा आग्रह धरला आणि दहनाला शतकानुशतके विरोध केला. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चने दहनाची परवानगी दिली. राखेतूनही उठवणे देवाला अशक्य नाही, हे तर आधीपासूनच मान्य होते. २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विखरायची नाही, घरी ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. २०२३ च्या अखेरीस तिचा लहानसा अंश कुटुंबाला जिव्हाळ्याच्या ठिकाणी ठेवण्याची मुभा मिळाली.

वसई, मुंबई किंवा गोव्यात दोन नोव्हेंबरला कॅथलिक दफनभूमीत गेलात, तर कबरी धुतलेल्या आणि फुलांनी मढलेल्या दिसतील, मेणबत्त्या तेवत असतील, आणि फादर तीर्थजल शिंपडत फिरत असतील. हा दिवस इसवी सन १००० च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ओडिलोने सुरू केला. त्या दिवशी कोणीही तिथे जाऊन शांतपणे उभे राहू शकतो. ओळखीच्या कॅथलिक घरात कोणी ख्रिस्तवासी झाले, तर महिन्याच्या मिस्सेला जरूर जा. मृताच्या आत्म्यासाठी तुम्ही प्रार्थना केलीत, तर घरच्यांना मनापासून बरे वाटेल. बहुतेक प्रोटेस्टंट घरांत मात्र मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, तो ख्रिस्ताजवळच आहे असे ते मानतात. तिथे मागे राहिलेल्यांना धीर मिळो एवढेच म्हणा आणि उपासनेला थांबा.